मागच्या खोलीतला व्यायाम

ज्यांना चारचौघांत हातपाय हलवायची लाज वाटते, रोज तेच तेच करायचा कंटाळा येतो आणि महिन्याला जिमचे आठशे रुपये बाजूला काढणं जड जातं, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहते, घरीच शिवणकाम करते. वय बेचाळीस. दिवसाचे सहा-सात तास मशीनवर जातात, लग्नसराईत त्याहून जास्त. मशीनला मोटर बसवल्यापासून तर पायसुद्धा हलत नाहीत. फेब्रुवारी २०२५ पासून डिसेंबरपर्यंत काय काय झालं ते क्रमाने सांगते.

सुरुवात आशाताईंच्या फॉर्मपासून झाली. २० फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात देशभर तीस वर्षांवरच्या सगळ्यांसाठी बीपी, शुगर आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख अशा तीन प्रकारच्या कर्करोगांच्या तपासणीची विशेष मोहीम होती. त्यासाठी आशाताई घरोघर फिरत होत्या. त्या फॉर्मला ‘सीबॅक’ म्हणतात. तंबाखू, दारू, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, कमरेचा घेर किती, आणि आठवड्याला किमान १५० मिनिटं शारीरिक हालचाल होते का, असे प्रश्न असतात. प्रत्येक उत्तराला गुण आहेत आणि इथे गुण जितके जास्त तितका धोका जास्त. बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला आधी बोलावतात.

घेर मोजायला माझीच टेप घेतली. ९३ सेंटीमीटर. बायकांचा ८० पर्यंत असावा. घेराचे दोन, वडिलांच्या मधुमेहाचे दोन आणि हालचाल नसल्याचा एक, असे पाच गुण तिथेच झाले. हालचालीच्या प्रश्नावर सासूबाई म्हणाल्या, “दिवसभर कामं करती की. आणि काय हालचाल पायजे?” आशाताईंनी शांतपणे विचारलं, “आजी, मशीनवर बसल्यावर कुठली हालचाल होते?” त्यावर आम्ही दोघीही गप्प बसलो. मला मात्र छातीत धडधडायला लागलं. वडिलांच्या पायाची जखम सहा महिने भरत नव्हती, ते सगळं मी जवळून बघितलेलं आहे.

पुढच्या आठवड्यात उपकेंद्रात बोलावलं. आता त्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. दहाला गेले, नंबर साडेबाराच्या सुमारास लागला, कारण माहिती टॅबमध्ये भरायची होती आणि नेटवर्क येत-जात होतं. मला आभा कार्ड, म्हणजे आरोग्याच्या नोंदींचं डिजिटल ओळखपत्र, काढायला सांगितलं. आधारला जोडलेला मोबाइल नंबर जुना, बंद पडलेला, त्यामुळे ओटीपी येईना. मी घाबरले की आता तपासणीच होणार नाही. तसं काही नसतं. आभा कार्ड ऐच्छिक आहे, त्यावाचून तपासणी अडत नाही, नुसत्या आधारवर माझी नोंद झाली. नंबर मी नंतर तालुक्याच्या आधार केंद्रात बदलून घेतला. तेव्हा त्याचे पन्नास रुपये पडत होते. नंबर बदलायला तेव्हा स्वतः जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागत होते.

लाजऱ्या बायका ज्या तपासणीला बिचकतात ती पडद्याआड, नर्सताईंनी एकटीनेच केली. आधी काय करणार ते सांगितलं, मग केलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. केवळ संकोचापोटी हे टाळू नका, असं मी हात जोडून सांगते.

बीपी १३४/८६ भरलं. बोट टोचून घेतलेली साखर थोडी जास्त आली म्हणून सीएचओ मॅडमनी (उपकेंद्र सांभाळणाऱ्या आरोग्य अधिकारी) उपाशीपोटीची साखर आणि ‘एचबीएवनसी’ करायला सांगितलं. एचबीएवनसी म्हणजे साधारण मागच्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. पहिली तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत झाली, दुसरी मी तालुक्याला खासगी लॅबमध्ये केली, ४५० रुपये लागले. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढा दिलासा. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर आला: ६.१. मॅडम म्हणाल्या, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडचा टप्पा, ६.५ पासून मधुमेह. “गोळी लगेच नको. तीन-चार महिने मनापासून हालचाल करा, जेवणातला भात-साखर कमी करा. आठवड्याला दीडशे मिनिटं असा व्यायाम, की धाप लागेल, बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम.”

चालायला जा, हा सल्ला मग सगळ्यांनी दिला. गावातल्या बाईला तो दिसतो तितका सोपा नाही. हातात पिशवी नसताना रस्त्याने निघालं की पावलोपावली “कुठं निघालीस?” असं विचारतात. मोटरसायकलवाला ओळखीचा भाऊ थांबून म्हणतो, “बसा वहिनी, सोडतो.” सगळी आपुलकीच असते, पण उत्तरं देताना मला घाम फुटतो आणि चालणं राहून जातं. तालुक्याच्या जिममध्ये जायचा विचार तर मनातही आणवत नव्हता.

बरेच दिवस मला वाटत होतं की आधी ही लाज घालवली पाहिजे, मगच व्यायाम होईल. माझ्या बाबतीत उलटं झालं. लाज आहे तशीच राहू दिली आणि व्यायाम तिच्या सोयीने बसवला. त्याला धीर लागत नाही. एक बंद होणारं दार, एक ठरलेली वेळ आणि अंगाला बरे वाटणारे कपडे लागतात. त्यातलं प्रत्येक कसं जमवलं ते सांगते, कारण माझं खरं काम तिथेच झालं.

आमच्या मागच्या खोलीत धान्याची कोठी आणि कापडाच्या गाठी असतात. गाठी कोठीवर चढवल्या तेव्हा सहा फूट बाय चार फूट जागा मोकळी झाली. तेवढी पुरते. झोपून हातपाय हलवता आले की झालं.

वेळेचं जास्त अवघड होतं. दुपारी घरात कुणी नसतं, पण दिवसा दार लावून घेतलं की शेजारच्या काकू खिडकीतून हाक मारणार आणि गिऱ्हाइकं तर कधीही येतात. पहाटे सव्वापाच ते पावणेसहा हा वेळ निघाला. सहाला नळाला पाणी येतं, त्याआधी मला कुणी शोधत नाही. आठवडाभर फक्त त्या वेळी उठून खोलीत जाऊन बसायचं, एवढंच केलं. अंगाला उठायची सवय झाली की पुढचं सोपं जातं. संध्याकाळी सासूबाई मालिका बघतात तेव्हा टीव्हीच्या आवाजात माझ्या पावलांचा आवाज दबतो, तो वेळ राखीव ठेवला.

कपड्यांबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम बोलते. साडीत किंवा मॅक्सीत वाकून-उठून व्यायाम होत नाही, सगळं लक्ष कपडे सावरण्यात जातं. उरलेल्या सुती कापडाचा मी स्वतःसाठी सैल पायजमा शिवला, आसन (दोन पायांमधला भाग) खोल आणि कमरेला इलॅस्टिक. वर जुना कुर्ता गुडघ्यापर्यंत कापून घेतला. ज्यांना शिवता येत नाही त्यांनी जुन्या सलवारीची मोहरी अरुंद करून घ्यावी, कुणीही टेलर पन्नास-साठ रुपयांत करून देईल. घट्ट बसणारी स्पोर्ट्स ब्रा मात्र विकत घेतली, २९९ रुपये. साताऱ्याला बाईचं दुकान शोधलं, तिला फक्त “व्यायामाला पाहिजे” म्हटलं आणि तिने माप विचारून काढून दिली. हा खर्च वाया जात नाही. तिच्याविना जागच्या जागी भराभर चालणंही नकोसं होतं.

सतरंजी फरशीवर सरकते, म्हणून ३५० रुपयांची रबरी मॅट घेतली. २२० चा रेझिस्टन्स बँड, म्हणजे ताणायचा रबरी पट्टा, घेतला. बाकी सगळं घरातलं: मुलीचं जुनं दप्तर आणि त्यात पाच किलो गहू, तेलाचे पाच-पाच लिटरचे दोन रिकामे कॅन पाणी भरून, एक न हलणारी लाकडी खुर्ची. दोरीवरच्या उड्या माझ्या गुडघ्यांना मानवणाऱ्या नव्हत्या, त्यामुळे दोरी घेतली नाही.

मार्चच्या मध्यावर सुरुवात केली. पहिले दोन आठवडे पंधराच मिनिटं. खुर्चीवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं, ही झाली बैठक. भिंतीला हात लावून जोर. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलायची. मग पाच मिनिटं जागच्या जागी चालणं. भिंतीवरचे जोर सोपे वाटायला लागले की स्वयंपाकाच्या ओट्याला हात टेकून करायचे, मग खुर्चीच्या बैठकीला. जितकं खाली याल तितकं वजन हातावर येतं. जमिनीवरचे जोर मला अजूनही पूर्ण जमत नाहीत, आणि त्याने काही बिघडत नाही. सुरुवातीला मांड्या इतक्या भरून आल्या की पायरी उतरताना कठड्याला धरावं लागे. दुखणं दोन्ही बाजूंना सारखं, बोथट असेल आणि दोन-तीन दिवसांत कमी होत असेल तर काळजी नाही. सांध्यात टोचल्यासारखं दुखलं, छातीत दडपलं किंवा चक्कर आली तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी सुरू करायच्या आधीच विचारावं, उपाशीपोटीच्या व्यायामाने साखर एकदम उतरू शकते.

सूर्यनमस्कार घालायची मला मनापासून इच्छा होती. औंध आमच्याच जिल्ह्यातलं. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत आणि त्यांनी ते संस्थानातल्या शाळांमध्ये सुरू केले. आज सगळीकडे बारा स्थिती शिकवतात, औंधच्या पद्धतीत दहा होत्या. लहानपणी रथसप्तमीला शाळेच्या मैदानावर घातलेले मला आठवत होते, पण आता मनगटांवर भार येताच कळ उठायची. त्यावर तोडगा असा निघाला: हात जमिनीऐवजी पलंगाच्या कडेवर ठेवायचे. महिनाभर तसेच केले, मग दोन विटांवर, आणि मे महिन्यात मॅटवर. संख्या तीनपासून हळूहळू वाढवली. सावकाश घातले तर ताण बसतो, भराभर घातले तर धाप लागते, त्यामुळे एकाच गोष्टीत दोन कामं होतात.

एप्रिलमध्ये कंटाळा आला. भिंत तीच, कोठी तीच, आकडे तेच. पहाटे जाग यायची आणि पडून राहावंसं वाटायचं. कंटाळा म्हणजे आळस असं मला लहानपणापासून सांगितलं गेलंय, पण ते पटत नाही. सलग दहा ब्लाउज एकाच मापाचे शिवतानाही कंटाळा येतो, आणि ती काही आळशी बाईची लक्षणं नाहीत. मनाला बदल हवा असतो, तो द्यावा. म्हणून वार वाटले. सोमवार-गुरुवार ताकदीचे: बँड खिडकीच्या गजाला अडकवून मागे ओढायचा, दप्तर पाठीला लावून बैठका, दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन मागच्या अंगणापर्यंत फेऱ्या. कॅनच्या फेऱ्या मला सगळ्यात आवडतात. आणि कुणी बघितलंच तर बाई पाणी नेतेय एवढंच दिसतं! मंगळवार-शुक्रवार सूर्यनमस्कार. बुधवारी आकाशवाणी लावून जागच्या जागी चालणं, गाणं लागलं की भराभर, निवेदन सुरू झालं की सावकाश. शनिवारी मुलीला आवडेल ते. रविवारी सुट्टी.

शनिवारी ती आठवीतली पोर मोबाइलवर नाच लावते आणि मी तिच्यामागे हातपाय हलवते. तिच्यासमोर लाज वाटली नाही, हे मला नवीन होतं. व्हिडिओंबद्दल एक सांगते: रात्री उरलेल्या डेटावर उतरवून ठेवा, पहाटे शोधत बसलात तर वीस मिनिटं त्यातच जातात. आयुष मंत्रालयाचा योगदिनाचा ४५ मिनिटांचा अभ्यासक्रम मोफत मिळतो, तो तीन तुकडे करून करता येतो. २१ जूनला शाळेच्या मैदानावर सगळे जमले होते. मी गेले नाही, मागच्या खोलीत तोच अभ्यासक्रम एकटीने पूर्ण केला. मला खूप समाधान वाटलं.

मे म्हणजे लग्नसराई. रात्री बारापर्यंत मशीन, पहाटे उठवेना. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात सलग दहा मिनिटं तरी हवीत ही जुनी अट काढून टाकलीय, थोडी थोडी हालचालही मोजतात, असं मॅडमनी सांगितलं होतं. ते तेव्हा उपयोगी पडलं. बॉबिन संपली की उठायचं, दहा बैठका मारायच्या, मग नवी बॉबिन भरायची. शिवणकाम करणाऱ्या प्रत्येकीला मी हे सांगते. पाठ आखडायची माझी जुनी तक्रार त्या महिन्यात सगळ्यात कमी होती, तेही कामाच्या गर्दीत. ऑफिसात बसणाऱ्यांनी फोन आला की उभं राहून बोलावं.

जेवणाबद्दल थोडक्यात. वेगळं काही आणलं नाही. चहातली साखर निम्मी केली, रात्रीचा भात बंद करून ज्वारीची भाकरी, रोज उसळ किंवा पिठलं, आणि सणाला पुरणपोळी एक. जेवण झाल्यावर लगेच मशीनवर न बसता दहा मिनिटं घरातल्या घरात फिरायचं. व्यायामापेक्षा हे पाळणं मला कठीण गेलं, अजूनही जातं.

जुलैच्या मध्यावर तापाने झोपले, पंधरवडा गेला. उठल्यावर पहिल्या आठवड्यात निम्माच व्यायाम करा, असं मॅडमनी बजावलं होतं. भीती वाटत होती की सगळं पहिल्यापासून करावं लागेल. तसं झालं नाही, ऑगस्ट उजाडेपर्यंत अंग पुन्हा वळणावर आलं. श्रावणातल्या एका मंगळवारी पुतणीची मंगळागौर होती. झिम्मा, फुगडी, पिंगा हे सगळं किती दमवणारं आहे ते त्या रात्री कळलं. आपल्या आज्या-पणज्यांनी हे खेळ कुठे खेळले? घरात, बायकाबायकांत, दार लावून. लाजऱ्या बायकांची व्यायामशाळा आपल्याकडे पूर्वीपासून होती, आपण ती वर्षातून एका रात्रीपुरती उरवलीय याचं वाईट वाटतं. तेव्हापासून शनिवारी आम्ही मायलेकी फुगडी घालतो. हाताची पकड घट्ट हवी आणि फरशी कोरडी हवी. बसफुगडी गुडघे दुखणाऱ्यांनी टाळावी.

घेर मी महिन्यातून एकदा, पहिल्या तारखेला मोजते, श्वास सोडून, बेंबीच्या रेषेत, टेप न आवळता. एप्रिल-मेमध्ये टेप जागची हलली नव्हती. बदल आधी दुसरीकडे दिसले: गव्हाचं पोतं ओढताना, झोपेत, पायऱ्या चढताना. वजनकाटा घरी नाही आणि घ्यावासा वाटला नाही, उपकेंद्रात गेले की बघते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा तपासणी केली. पुन्हा ४५० रुपये. एचबीएवनसी ५.८, म्हणजे अजून त्याच टप्प्यात, पण खालच्या टोकाला. बीपी १२६/८०. घेर ८७, वजन ७१ वरून ६७.५. मॅडम म्हणाल्या, चालू ठेवा, गोळीचं नंतर बघू. वर्षभराचा हिशेब: मॅट, बँड, ब्रा, दोन तपासण्या आणि आधारचे पन्नास मिळून १,८१९ रुपये, वर एसटीचं भाडं. जिमचे तीन महिनेही त्यात झाले नसते.

गिऱ्हाइकांपैकी दोघी-तिघींनी मापं देताना हळूच विचारलं, काय करतेस म्हणून. त्यांना मी मागची खोली दाखवली आणि खुर्चीवरच्या बैठका करून दाखवल्या. त्यांच्यासाठी पायजम्याचं कापडही कापलंय, शिलाई घेणार नाही. सासूबाईंना खाली बसल्यावर उठायला त्रास होतो, त्या आता मालिकेच्या जाहिरातीत खुर्चीवरून पाच वेळा उठबस करतात. माझी पुढची तपासणी मार्चमध्ये आहे. त्याआधी एक जास्त ताणाचा बँड घ्यायचाय, जुना आता हाताला हलका लागतो, आणि आशाताईंना विचारायचंय की उपकेंद्राच्या मागच्या खोलीची चावी शनिवारी दुपारी तासभर मिळेल का. विचारणाऱ्या बायका वाढल्यात आणि सहा बाय चारच्या जागेत दोघींच्या वर मावत नाहीत.